पान लागलं, तर वाट दवाखान्याचीच



मृगाचा पाऊस आला. आवण पेरून झालं, आठ-पंधरा दिवसांत लावणी सुरू होईल. बिळांत पाणी शिरलं तसे उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळले, बेडूक अंगणात आले, आणि त्यांच्या मागोमाग साप. आता सप्टेंबर संपेपर्यंतचे चार महिने तालुक्याच्या रुग्णालयात मी एका धास्तीत काढतो. साप चावल्यावर जो वेळ वाया जातो, त्याची ती धास्ती. आज ती तुमच्यापुढे मांडायला बसलो आहे.

पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल, म्हणून माझं मागणं आधीच सांगून टाकतो. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, किंवा चावल्याचा नुसता संशय आला, तर त्या माणसाला थेट सरकारी दवाखान्यात आणा. साप कोणता, विषारी की बिनविषारी, याची चर्चा अंगणात नको. वाटेत भगताचं घर लागलं तर थांबू नका, देऊळ लागलं तर गाडीतूनच हात जोडा. पहिला तास दवाखान्याचा.

यातला शब्द न् शब्द का म्हणतो आहे, ते आता सांगतो. शरीरात काय चाललं आहे हे एकदा कळलं, की वाट कुणी वाकडी करत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहाटेची पोटदुखी

दर पावसाळ्यात एकदा तरी आमच्या दारात हे घडतं. पहाटे चारच्या सुमारास मूल पोट धरून उठतं. आईला वाटतं, रात्री फणस जास्त झाला. ओवा होतो, कोमट पाणी होतं. थोड्या वेळाने उलटी होते. उजाडताना मूल म्हणतं, ‘आई, डोळे उघडत नाहीत.’ समोरचं माणूस त्याला दोन-दोन दिसतं. मग घोट गिळवत नाही, लाळ तोंडातून गळू लागते, बोलणं नाकातून येतं. अंगावर जखम नाही, सूज नाही, म्हणून सापाचं नाव कुणाच्या मनात येत नाही. ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून मूल आधी दुसरीकडे नेलं जातं. आमच्याकडे पोचतं तेव्हा मान धरत नसते आणि छाती जेमतेम हलत असते.

रात्री ते पडवीत जमिनीवर चटई टाकून निजलेलं असतं. मण्यार रात्रीचीच फिरते. तिचे दात बारीक, चावा मुंगी चावल्यासारखा. झोपेत कूस बदलताना तिच्यावर हात पडला तरी कळत नाही. दंशाची खूण भिंग घेऊन शोधली तरी सापडेलच असं नाही. लक्षणं कधी तासाभरात दिसतात, कधी कित्येक तासांनी.

त्या मुलाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पापणी हलत नाही, बोट हलत नाही, तरी ते ऐकत असतं. मेंदू जागा असतो. भोवती बसलेली माणसं ‘गेलं’ म्हणून रडत असतात आणि ते मूल ते रडणं ऐकत असतं. म्हणून आमच्या वॉर्डात अशा रुग्णाला नावाने हाक मारायची, काय करतो आहोत ते सांगत राहायचं, असा रिवाज आहे. श्वास यंत्राने चालू ठेवला, तर काही दिवसांनी तेच मूल डोळे उघडतं.

तर आणि धक्का

हे असं का होतं? आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत धावतो. पण मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. दोघांमध्ये केसापेक्षा कितीतरी बारीक फट असते. खाडीच्या दोन काठांसारखी ती समजा. निरोप अलीकडच्या काठाला पोचला की तिथून ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या जणू तरी, म्हणजे होड्या, सुटतात, पलीकडच्या धक्क्याला लागतात, आणि स्नायू आखडतो. पापणीच्या प्रत्येक उघडझापीला, प्रत्येक घोटाला, दिवसभरातल्या हजारो श्वासांना ही ये-जा लागते.

नागाचं विष पलीकडच्या धक्क्यावर जाऊन बसतं. तरी सुटतात, पण त्यांना लागायला जागा नाही. मण्यारीचं विष याहून वाईट. ते अलीकडच्या काठावरच्या तरी रिकाम्या करतं आणि शेवटी तो काठच मोडून टाकतं. मग मज्जातंतूचं टोक शरीराला नव्याने बांधावं लागतं, आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

विष चढलं की स्नायू एका क्रमाने लुळे पडत जातात. आधी पापण्या, मग बुबुळं फिरवणारे स्नायू, मग घसा, मान, आणि शेवटी फासळ्यांमधले स्नायू आणि छाती-पोटाच्या मधलं श्वासपटल. हृदय ठणठणीत चालत असतं, फुप्फुसं चांगली असतात, पण भाता ओढणारा कुणी उरत नाही. माणूस गुदमरून जातो. पापणी जड होण्यापासून श्वास थांबेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढाच आपल्या हातात असतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर निजलेलं कुणी पहाटे पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या उतरू लागल्या, तर खूण शोधत बसू नका. मण्यार चावली असं धरूनच निघा.

रक्ताची जाळी

घोणस आणि फुरसं यांचं विष वेगळ्या वाटेने जातं. घोणस भातखाचरात, उसात, गवतात दबा धरून असते. फुरसं आमच्या कोकणातल्या सड्यावर, जांभ्या दगडाखाली, कलमांच्या बागेत. वीतभर-हातभर लांबीचं, म्हणून लोक त्याला हलकं लेखतात. तसं लेखू नका.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त फिरतं. ते वाहतं राहावं आणि जखम झाली तर तिथेच गोठावं, ही दोन्ही कामं शरीर एकाच वेळी सांभाळतं. गोठण्याचा कच्चा माल, फायब्रिनोजेन, रक्तात विरघळलेला असतो. जखम झाली की रक्तातले डझनभर घटक एकामागून एक जागे होतात आणि त्या मालाचे धागे होऊन जखमेच्या तोंडावर जाळं पडतं. घोणशीचं विष या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकांना कारण नसताना जागं करतं. फुरशाचं विष पुढच्या पायरीवर, प्रोथ्रॉम्बिनवर, थेट काम करतं. मग अंगभर नको तिथे बारीक जाळी पडू लागतात आणि पाहता पाहता सगळा सूतसाठा संपतो. खरी गरज लागते तेव्हा विणायला धागाच नसतो. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, सुई टोचल्या जागेतून ठिपकत राहतं, आणि दुर्दैव असेल तर मेंदूत रक्तस्राव होतो.

घोणशीच्या विषाची ही शक्ती इतकी पक्की आहे, की १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर ते अगदी पातळ करून लावलं गेलं होतं. आजही रक्ताच्या एका तपासणीत प्रयोगशाळा तेच विष वापरतात. म्हणजे हे विष काय करतं याबद्दल कसलंही गूढ उरलेलं नाही. ज्याचं गूढ उरलं नाही, त्याच्यावर उपाय शोधता येतो, आणि तो शोधलेला आहे.

तिसरा घाव मूत्रपिंडांवर. आपली दोन मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळपास सगळा परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. घोणस चावल्यावर रक्तदाब पडतो, गाळणीच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात, विष थेट पेशींवरही घाला घालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते, मग बंद. ज्याला वेळेवर औषध मिळालं तो आठवड्यात घरी जातो. ज्याला उशीर झाला त्याला डायलिसिसच्या यंत्रावर ठेवावं लागतं, आणि काहींची मूत्रपिंडं पूर्ववत होत नाहीत. तालुक्याहून जिल्ह्याला डायलिसिसच्या खेपा घालणारा तरुण शेतकरी आणि बरोबर रोज बुडवून येणारी त्याची बायको मी पाहिली आहेत. यातल्या कित्येक खेपा पहिल्या दिवशीच्या दोन-तीन तासांनी टळल्या असत्या.

दोरी, ब्लेड आणि उतारा

आता साप चावल्यावर गावात जे केलं जातं, ते याच शरीराच्या हिशोबात तपासून पाहा.

पायाला दोरी करकचून आवळली जाते. विष वर चढू नये हा हेतू चांगला, पण दोरी आधी शुद्ध रक्ताचा पुरवठा तोडते. घोणशीचं, फुरशाचं, नागाचं विष जागच्या जागी मांस कुजवतं. दोरीमुळे ते तिथेच कोंडतं, पाय काळा पडतो, आणि दोरी सुटली की साचलेलं विष एकदम अंगात उसळतं. जीव वाचूनही पाय गेलेली माणसं आहेत.

ब्लेडने चीर दिली जाते. ज्याचं रक्त गोठणारच नाही अशा माणसाला आपण आपल्या हाताने न थांबणारी जखम करतो. तोंडाने ओढून विष निघत नाही, कारण ते दाताच्या टोकाने मांसात खोल गेलेलं असतं. बर्फ, झाडपाला, विजेचा झटका, मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चाखायला देणं, यातल्या कशानेही ना विष निघतं, ना त्याची परीक्षा होते.

मग भगताकडे गेलेली माणसं बरी होतात ती कशी? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, कवड्या यांच्या दंशाने जीव जात नाही. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, कित्येकदा नुसते दात लागतात. अशी माणसं कुठेही नेली तरी वाचणारच होती. ती वाचली की श्रेय उताऱ्याला जातं, आणि त्या श्रेयाच्या भरवशावर पुढचा माणूस, ज्याच्या अंगात खरंच विष गेलेलं असतं, त्याच दारी नेला जातो. तो वाचत नाही. भगताच्या मनात खोट असते असं मी म्हणत नाही. नाग आणि धामण यांच्या दंशातला फरक मंत्राला कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

औषध आहे, आणि ते वेळेला बांधलेलं आहे

सर्पदंशावर औषध एकच, प्रतिसर्पविष. गावात आपण त्याला सापाची लस म्हणतो. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून ती बनते. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये ती कित्येक दशकं तयार होत आली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. म्हणून सापाला मारून, पिशवीत भरून आणण्याची गरज नाही. त्या खटपटीत वेळ जातो आणि दुसऱ्या माणसाला दंश होतो. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं.

ही लस रक्तात मोकळं फिरणाऱ्या विषाला धरते. धक्क्यावर जाऊन बसलेल्या, काठ मोडून झालेल्या विषाला ती परत आणू शकत नाही. वेळेचा सगळा आग्रह या एका वाक्यात आहे. सुरुवातीला साधारण दहा कुप्या शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. लसीची काही जणांना रिॲक्शन येते, म्हणून ती घरी किंवा कुठल्याही खोलीत घ्यायची नाही. ॲड्रिनॅलिनची सुई हाताशी असलेल्या दवाखान्यातच घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. पैशाचा विचार करत कुणी अंगणात थांबू नये.

समजून घेतल्याने माणसं वाचतात, याचा दाखला आमच्या कोकणातच आहे. लाल विंचवाच्या दंशाने रायगडात, रत्नागिरीत एके काळी मुलं पटापट जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी रात्री काढून पाहिलं, की हे विष मज्जासंस्थेला असं पेटवतं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली, आणि गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत तिथे हे प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा काळ असा सरला. सापाचा सरायला औषधाची कमतरता नाही, रुग्ण वेळेवर पोचण्याची आहे.

देशाचा आकडा आणि आपलं घर

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असं देशव्यापी अभ्यासातून समोर आलं. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आजपासूनच्या याच चार महिन्यांतले. चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुलं. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि दवाखान्यात पोचण्याआधी घरीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. तो अर्ज भरण्याची वेळ कुणाच्या घरात येऊ नये, म्हणून हे आवाहन.

दंश झाल्यावर

हे कागदावर उतरवून घरात लावा.

१. सापापासून दूर व्हा. त्याच्यामागे धावू नका, त्याला मारू नका. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

२. रुग्णाला धीर द्या. सगळ्याच सापांना विष नसतं आणि औषध आहे, हे त्याला खरं म्हणून सांगा, कारण ते खरंच आहे.

३. त्याला चालवू किंवा धावू देऊ नका. विष बरंचसं लसिकावाहिन्यांतून वर सरकतं, आणि त्या वाहिन्यांना ढकलतात ते आपले हलणारे स्नायू. हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा, फळी किंवा काठी लावून सैलसर बांधा. जखडू नका.

४. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा. सूज चढल्यावर ते रुततात.

५. जखम चिरू, चोखू, चोळू नका. तोंडावाटे काही देऊ नका. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

६. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नका. दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडा.

७. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका लांब असेल तर वाट पाहत बसू नका. मोटरसायकलवर रुग्ण मध्ये, मागे धरून एक जण, असे निघा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर गाडीत त्याला कुशीवर निजवा.

८. वाटेतून दवाखान्यात फोन करा. दंश किती वाजता झाला, पापण्या कधी उतरल्या, लघवी कधी झाली, सगळं वेळेसकट सांगा.

९. लक्षणं दिसत नसली तरी किमान चोवीस तास दवाखान्यात राहा. ‘काही होत नाही’ म्हणून रात्री घरी नेलेला रुग्ण पहाटे परत आणावा लागू नये.

दंश होऊच नये म्हणून

जमिनीवर निजू नका. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. डासांसाठी लावलेली जाळी मण्यारीलाही अडवते. रात्री अंगणात, शौचाला, गोठ्यात जाताना विजेरी हातात असू द्या आणि पाय आपटत चला. भात, नाचणी, सोयाबीन कापताना, गवत काढताना, लाकडं उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. जांभ्या दगडाखाली उघडा हात कधीच घालू नका. शेतात गमबूट घाला. पायताण-चप्पल पुरेशी नाही, कारण बहुतेक दंश घोट्याच्या आसपास होतात. घराला लागून गोवऱ्या, पेंढ्याची उडवी, विटांचा ढीग ठेवू नका. उंदीर आला की साप आला.

आता एकेकाला

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात ग्रामसभा घ्या. आपल्या गावातून सर्वांत जवळ लस कुठे आहे, तिथे रात्री डॉक्टर असतो का, रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे ठरवा. रात्री-बेरात्री गाडी काढायला तयार असलेल्या दोन-तीन जणांचे नंबर प्रत्येक वाडीत फळ्यावर लिहा.

आशाताई आणि अंगणवाडीताईंना सांगतो, तुमचा शब्द घराघरांत चालतो. पापण्या उतरणं, पोटदुखी, नाकातला आवाज, ही लक्षणं आयांकडून पाठ करून घ्या.

शिक्षकांना विनंती, वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडून वरचे नऊ मुद्दे लिहून घ्या. विज्ञानाच्या पुस्तकात मज्जासंस्था आणि रक्त हे धडे आहेतच. ते या पावसाळ्यात सापाच्या निमित्ताने शिकवा, मुलं विसरणार नाहीत.

भगतांना आणि देवरुषांना हात जोडून सांगतो. माणसं तुमच्यावर विश्वास ठेवतात, हे मला दिसतं. तो विश्वास आमच्या कामी द्या. दारात आलेल्याला म्हणा, ‘आधी दवाखाना, मग अंगारा.’ तुमच्या एका वाक्याने जितके जीव वाचतील तितके माझ्या दहा भाषणांनी वाचणार नाहीत.

सर्पमित्रांनो, साप पकडणं थोडं आणि माणसांना शिकवणं जास्त करा. सापाला मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि उंदरांवर नेम धरणारा असा दुसरा राखणदार आपल्याकडे नाही, हे तुमच्याइतकं कुणी जाणत नाही. पण गळ्यात नाग घालून काढलेला एक फोटो गावातल्या दहा पोरांना भलत्याच वाटेला लावतो.

ऊसतोडीच्या मुकादमांनो आणि कारखान्यांनो, दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबं फडाशेजारी पालं ठोकतील. जमिनीवर निजणाऱ्या त्या मुलांसाठी मच्छरदाण्या आणि उजेड द्या. हा खर्च फार मोठा नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना, विशेषतः प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांना सांगायचं आहे, की घाबरून रुग्णाला नुसतं पुढे पाठवू नका. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्या, वीस मिनिटं हलवू नका, मग तिरपी करून पाहा. गोठलं नाही तर उत्तर तुमच्या हातात आहे. ॲड्रिनॅलिन भरून ठेवा, लस सुरू करा, आणि मग पुढे पाठवा. पापण्या उतरल्या असतील तर लसीबरोबर ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिनचा विचार करा. श्वास दमू लागला तर हाताने दाबायची श्वासपिशवी बरोबर देऊन, ती दाबत राहणारा माणूसही रुग्णवाहिकेत बसवा. जिल्हा येईपर्यंत ती पिशवीच त्याची छाती असते.

शासनाकडे मागणी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मे अखेरीलाच लस, ॲड्रिनॅलिन, निओस्टिग्मिन आणि श्वासपिशवी पोचलेली असावी, साठ्याचा आकडा दारावर लिहिलेला असावा, आणि चोवीस तास हजर असलेला माणूस ती वापरायला शिकलेला असावा. शेतीपंपाला दिवसा वीज द्या. मध्यरात्री पाणी धरायला अंधारात बांधावर उतरलेल्या शेतकऱ्याच्या पायाला जो दंश होतो, त्याचं कारण वेळापत्रकात असतं.

आणि घरातल्या माणसांना, ज्यांच्यापाशी सगळं येऊन थांबतं. आज रात्री निजण्याआधी तीन गोष्टी करा. मच्छरदाणीची कड खोचा. विजेरी उशाशी ठेवा. आणि जवळच्या दवाखान्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर कोळशाने का होईना, दाराच्या आतल्या बाजूला लिहा, लहान मुलालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

पहाटे चारला कुणी पोट धरून उठलं, तर त्या अक्षरांकडे पाहा आणि निघा. आमच्या दारातला दिवा रात्रभर चालू असतो. वाटेत कुठे थांबू नका, एवढंच मागतो.

आपला,
तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला एक डॉक्टर